कर्ज दुसऱ्याचं, पॅन माझं

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून ते गाळून मजकूर थोडक्यात देते.

"घरासाठी कर्ज हवं होतं म्हणून बँकेत गेले. साहेबांनी माझ्या कर्जांचा सिबिल अहवाल काढला आणि म्हणाले, 'मॅडम, आधीची दोन थकलीत, ती कधी भरणार?' शिक्षक सोसायटी सोडली तर मी आजवर कुणाचं कर्ज घेतलेलं नाही. एक कर्ज ॲपवरचं, ४५,००० रुपयांचं. दुसरं मोबाइलच्या हप्त्यांचं, २७,९९९ चं. दोन्हीत पॅन माझं, पत्ता माझा, फोन नंबर मात्र अनोळखी. गावच्या ठाण्यात गेले, तर म्हणाले सायबरला जा. सायबरला गेले, तर विचारलं, तुमच्या खात्यातून किती गेले? काहीच नाही म्हटल्यावर म्हणाले, मग तुमची कुठे फसवणूक झाली? फसली ती कंपनी, तिला येऊ द्या. कंपनीला फोन केला, तर म्हणे एफआयआरची कॉपी आणा. आता वसुलीवाले थेट आमच्या मुख्याध्यापकांना फोन करतात. मिस्टर म्हणतात, सत्तर हजारांसाठी पोलिसांच्या पायऱ्या काय झिजवतेस, भरून मोकळी हो. आणखी एक गोष्ट आहे, घरात कुणालाच सांगितलेली नाही. दिवाळीत दिराच्या मुलाच्या मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड बदललं होतं. 'काकू, अंगठा नीट उठला नाही,' म्हणून त्याने दोनदा घेतला. दोन्ही कर्जं त्यानंतरच्या महिन्याभरातली आहेत. त्याचं नाव देऊ का?"

ताई, पहिलं उत्तर मिस्टरांसाठी. एक रुपयाही भरू नका. हप्ता भरलात की कर्ज तुम्हाला मान्य आहे, असाच अर्थ कंपनी काढणार. 'हे मी घेतलंच नाही' असं पुढे कितीही ओरडून सांगितलं, तरी समोरचा तुमचीच पावती दाखवेल. वसुलीवाला दहा-पंधरा हजारांत सेटल करून देतो म्हणेल, त्यालाही भुलू नका. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडला की घराचं कर्ज देणाऱ्या बँकेच्या कपाळाला आठी पडतेच. आणि ज्याने दोन कर्जं काढली त्याच्याकडे तुमचे कागद अजून आहेत. तिसरं काढायला त्याला कोण अडवणार?

आता पोलिसांचं. सायबर ठाण्यात तुम्हाला विचारलेला प्रश्न त्यांच्या सवयीचा आहे. तिथे येणारी बहुतेक माणसं ओटीपी देऊन, शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये अडकून, नाहीतर फोनवरच्या खोट्या पोलिसांच्या 'डिजिटल अटके'ला घाबरून लाखो रुपये घालवून आलेली असतात. १९३० ही हेल्पलाइनही त्यांच्यासाठीच आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, ते वाटेतच गोठवायचे. त्यात तासातासाला किंमत असते. तुमच्या बाबतीत गोठवायला काहीच नव्हतं. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या माणसाने गुन्हा नाही असं ठरवून टाकलं. राग येणं साहजिक आहे, पण पुन्हा जाल तेव्हा सुरुवातच वेगळी करा. 'माझी फसवणूक झाली' असं म्हणू नका. 'माझी ओळख चोरून वापरली आहे, त्याचा गुन्हा नोंदवायचा आहे,' असं म्हणा.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण कलम त्यावरच उभं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ सी २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा त्याची अशी कोणतीही स्वतंत्र ओळखखूण कुणी लबाडीने वापरली, तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. जिची ओळख चोरली तिचे पैसे गेले पाहिजेत, अशी अट त्यात कुठेही नाही. वापरणाऱ्याचा बेकायदा फायदा झाला, एवढं पुरतं. त्याला जोडून ६६ डी, म्हणजे संगणक किंवा मोबाइलच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं, आणि भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची ३१८ आणि ३१९ ही कलमं. कंपनीही फसली हे खरं आहे, तिनेही तक्रार द्यावी. पण तिची वाट बघत तुमची तक्रार अडवून ठेवायला कायद्यात आधार नाही. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे त्यांचा तपास पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय करता येतो, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो.

गावच्या ठाण्याने सायबरकडे पाठवलं त्यामागेही कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं कलम ७८ सांगतं. छोट्या ठाण्यात एकच निरीक्षक आणि त्याच्या डोक्यावर बंदोबस्तापासून जत्रेपर्यंत सगळं. म्हणून हात झटकले जातात. पण तपास कुणी करायचा हा एक प्रश्न आणि खबर कुणी नोंदवून घ्यायची हा दुसरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्याने खबर घ्यायचीच असते. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. घेऊन मग खुशाल सायबरकडे वर्ग करावी.

तुमच्या पत्रातली मला सर्वात खटकलेली गोष्ट म्हणजे दोन ठाण्यांत जाऊन आलात आणि हातात एक कागद नाही. तोंडी बोलणं ठाण्याच्या दारातच संपतं. म्हणून पुन्हा जाण्याआधी घरी बसून दोन कामं करा.

पहिलं काम म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर, तक्रार नोंदवा. आर्थिक फसवणुकीच्या रकान्यात गेलात तर तो पुन्हा किती गेले, कोणत्या खात्यातून, हेच विचारत बसेल. 'इतर सायबर गुन्हे' हा रकाना निवडा. तक्रारीला क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. ही तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, कंपनीही ती पाहून समाधानी होणार नाही. पण कोणत्या तारखेला तुम्ही पोलिसांना कळवलं, याचा तो पुरावा आहे.

दुसरं काम लेखी अर्जाचं. चार पानांची व्यथा नको. तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं खरं, पण ठाणे अंमलदाराला एका पानात मावेल एवढंच हवं असतं. वर 'प्रति, मा. पोलीस निरीक्षक, सायबर पोलीस ठाणे', विषयात 'माझ्या पॅन/आधारचा गैरवापर करून माझ्या नावे कर्ज घेतल्याबाबत', आणि खाली साधारण असं:

"दि. … रोजी … बँकेत सिबिल अहवाल पाहिला असता माझ्या पॅन क्रमांकावर माझ्या माहितीशिवाय व संमतीशिवाय खालील दोन कर्जे घेतल्याचे समजले. या कर्जांसाठी मी अर्ज केलेला नाही, करारावर सही केलेली नाही, कोणालाही ओटीपी दिलेला नाही. रक्कम माझ्या कोणत्याही खात्यात जमा झालेली नाही. अहवालातील मोबाइल क्रमांक … हा माझा नाही. अनोळखी इसमाने माझी ओळख वापरून हा प्रकार केला असून माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० कलम ६६ सी, ६६ डी व भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), ३१९(२) अन्वये गुन्हा नोंदवून प्रथम खबर अहवालाची प्रत मिळावी."

त्याखाली प्रत्येक कर्जाचा तपशील द्या: कंपनीचं नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, रक्कम. हे सगळं सिबिलच्या अहवालात असतं. त्याच अहवालात शेवटी 'इन्क्वायरी' नावाचा भाग असतो आणि लोक तो वाचतच नाहीत. तुमच्या पॅनवर कोणकोणत्या कंपन्यांनी कधी चौकशी केली ते तिथे तारखेनिशी दिसतं. दोन कर्जं मिळाली, पण अर्ज सहा ठिकाणी केले होते, असंही निघू शकतं. सिबिलशिवाय एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा आणखी तीन संस्था आहेत. चौघांकडूनही वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो, तो काढा. एकाच्या दप्तरात नसलेलं दुसऱ्याकडे सापडतं.

सोबत त्या महिन्यांचं पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट लावा, पैसे आलेच नाहीत हे त्यातून दिसेल. आणि मोबाइलचं कर्ज मंजूर झालं त्या तारखेचा वार बघा. दुकानात बसून फोटो काढून होणारं कर्ज असतं ते. त्या दिवशी शाळा चालू असेल, तर मस्टरवरची तुमची सही लाखमोलाची आहे. मुख्याध्यापकांकडून तेवढ्या पानाची साक्षांकित प्रत घ्या. वसुलीचे मेसेज आणि कॉल पुसू नका, आणि हे मिटेपर्यंत फोनही बदलू नका. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कोर्टात द्यायचा झाला तर मूळ फोन कुठे आहे हा प्रश्न येतोच.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. 'ठेवून जा, बघतो,' असं म्हटलं तर शांतपणे म्हणायचं, "साहेब, पोच द्या, मी थांबते."

एक सापळा सांगून ठेवते. कटकट लवकर मिटावी म्हणून काही ठिकाणी सुचवतात, "मॅडम, आधार-पॅन हरवल्याचा दाखला घेऊन जा, कंपनीला तो चालेल." घेऊ नका. तुमचं काही हरवलेलं नाही. हरवलं असं लिहून दिलंत तर उद्या तुमच्याच दोन जबाबांत विसंगती निघेल. शिवाय कागद हरवल्याची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, कंपनी तो दाखला केराच्या टोपलीत टाकेल. अदखलपात्र, म्हणजे एनसीची पावती हातात ठेवली, तरीही हेच.

ठाण्यातून 'आधी चौकशी करतो' असंही उत्तर मिळू शकतं, आणि ते अगदीच खोटं नाही. ३ वर्षं ते ७ वर्षांखालची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करायची मुभा त्याच नागरिक सुरक्षा संहितेने दिली आहे. पण ती १४ दिवसांत संपवायची असते. तेव्हा परवानगी घेतली आहे का, चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली, हे विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा. पंधराव्या दिवशी पुन्हा जा. तरीही नोंदवत नसतील तर तोच अर्ज, पोच आणि पोर्टलचा क्रमांक जोडून जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. त्यानेही हललं नाही, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. त्याला वकील लागेल. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगारदार शिक्षिकेलाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा.

कंपनीसाठी मात्र एफआयआरची वाट बघत बसू नका. कस्टमर केअरचा नाद सोडा. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल द्यावा लागतो, त्यावर लिहा. कर्ज नाकारत असल्याचं स्पष्ट सांगा, पोर्टलचा क्रमांक आणि पोच जोडा, आणि अर्ज, करार, केवायसीचे कागद, घेतलेला फोटो मागा. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: रक्कम कोणत्या खात्यात जमा केली? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार ॲपवरचं कर्ज, काही अपवाद सोडले तर, थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा व्हायला हवं. म्हणजे ते ४५,००० कुणाच्या तरी खात्यात, कुणाच्या तरी नावाने गेलेले आहेत. मोबाइलच्या कर्जात पैसे दुकानाला मिळतात, पण तिथे बिल असतं आणि बिलावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा क्रमांक. त्या क्रमांकाचा फोन आज कुणाचं सिम घालून चालू आहे, ते पोलिसांना काढता येतं. कंपनी तुम्हाला कदाचित यातलं काहीच देणार नाही, पोलिसांना द्यावंच लागेल. म्हणून 'रक्कम कोणत्या खात्यात गेली ते तपासावं' आणि 'बिलावरच्या आयएमईआयचा फोन कुणाकडे आहे ते शोधावं' ही दोन वाक्यं अर्जातही लिहा. तपास कुठून सुरू करायचा, ते तुम्हीच दाखवून दिलेलं बरं असतं.

त्याच दिवशी सिबिलकडे 'डिस्प्यूट', म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत, टाका. ३० दिवसांत निकाली काढायचा नियम आहे, आणि एप्रिल २०२४ पासून त्याहून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मात्र कंपनीने होकार दिल्याशिवाय सिबिल नोंद पुसत नाही, त्यामुळे दोन्ही आघाड्या एकदमच उघडायच्या. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला फी नाही.

वसुलीवाल्यांचं थोडक्यात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला त्यांना मनाई आहे, आणि नातेवाईक, सहकारी यांच्यापुढे बेइज्जत करायलाही. मुख्याध्यापकांना सांगा, फोन आला की नंबर आणि वेळ टिपून ठेवा, वाद घालू नका. ती टिपणं कंपनीच्या ईमेलला जोडा.

आता तो दोनदा घेतलेला अंगठा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आजच जा आणि तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते बघा. पहिला अंगठा नीट उठलेला असतानाही दुसरा घ्यायचा आणि दुसरं सिम काढायचं, ही जुनी चाल आहे. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' असं तिथेच नोंदवता येतं, पण आधी त्या पडद्याचा फोटो काढा. सिबिलमधला अनोळखी नंबर आणि हा नंबर एकच निघाला, तर अर्जात तेवढं एक वाक्य वाढवा. मग आधारच्या संकेतस्थळावर ऑथेंटिकेशन हिस्ट्री काढा. तुमचा अंगठा किंवा ओटीपी कुठल्या दिवशी वापरला गेला ते तिथे दिसतं, मात्र मागच्या सहा महिन्यांपुरतंच. दिवाळी लांब गेली असेल तर हे काम आज रात्रीच करा. आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक करून टाका.

पुतण्याचं नाव द्यायचं का? आरोपी म्हणून देऊ नका. तुम्हाला माहीत आहे ते इतकंच की अमुक तारखेला अमुक दुकानात सिम बदललं आणि अंगठा दोनदा घेतला. हे अर्जात लिहा, कारण ते लपवलं तर तपासात निघाल्यावर तुमच्यावरच संशय येईल. 'त्यानेच केलं' हे मात्र तुम्हाला माहीत नाही. दुकानात कामाला आणखी मुलं असतील, कागदांचे फोटो दुसऱ्याच कुणी विकले असतील. त्याच्या तोंडावर विचारायलाही जाऊ नका. तो निर्दोष असेल तर नातं तुटेल, आणि दोषी असेल तर फोन, सिम, बिलं, सगळं एका रात्रीत नाहीसं होईल.

पण अर्जावर सही करण्याआधी एक गोष्ट तुम्हाला आणि मिस्टरांना माहीत असायला हवी. आपल्याकडे लोक धरून चालतात की, बघू, पोरगं सापडलं तर घरातल्या घरात मिटवू, केस मागे घेऊ. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ३ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत आपसात तडजोडीची सोय आहे खरी, पण गुन्हा स्त्रीविरुद्ध घडला असेल तर कोर्टाने ती मान्य करायची नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे गुन्हा नोंदल्यावर दिराने येऊन हात जोडले, पोराने सगळे पैसे कंपनीत भरले, तुम्हीही विरघळलात, तरी प्रकरण तुमच्या हातात राहत नाही. मग उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करा म्हणावं लागतं, आणि तिथे हो म्हणायचं की नाही ते न्यायमूर्ती ठरवतात. माझं मत विचाराल तर तरीही नोंदवा. तुमच्या नावावर उद्या कर्जाऐवजी एखादं सिम खंडणीच्या फोनसाठी वापरलं गेलं तर पोलीस तुमच्या दारात येतील, आणि त्या दिवशी आधीची नोंद एवढाच तुमचा आधार असेल. मात्र मिस्टरांना पुतण्याचा संशय आजच सांगा. ठाण्यात जबाब देताना तो त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडता कामा नये.